तोंडवलीच्या वाळूत ‘तिचं’ गुपित

सुट्टी, समुद्र आणि सस्पेन्स! एक जुनं घर, एक बाई आणि कुणीतरी लपवलेली गोष्ट... अशा कादंबऱ्या वाचायला मालवण तालुक्यातल्या या गावासारखी जागा नाही.

समुद्रावर न्यायचं पुस्तक कसं असावं, या विषयावर कुठल्याही ऑफिसच्या कँटीनमध्ये दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, हलकंफुलकं असावं, पानांत वाळू गेली तरी चालेल असं. दुसरी म्हणते, सुट्टीत तरी काहीतरी वजनदार वाचा, एरवी एक्सेल शीटशिवाय वाचता काय?

मी तिसऱ्या पार्टीची. माझ्या सॅकमध्ये कायम एक बाई असते. ती एखाद्या जुन्या घरात नव्याने आलेली असते, नाहीतर खूप वर्षांनी परत आलेली. नवरा, सासू, वडील, भाऊ यांच्यापैकी कुणीतरी काहीतरी लपवतंय, एवढंच तिला कळलेलं असतं. ती एक खण उघडते, जुनं पत्र हाती लागतं... आणि आपल्या घड्याळात रात्रीचे दोन वाजलेले असतात. सकाळची नऊची मीटिंग गेली खड्ड्यात!

या कादंबऱ्यांची क्रेझ काही औरच आहे. गिलियन फ्लिनची ‘गॉन गर्ल’ २०१२ मध्ये आली, पॉला हॉकिन्सची ‘द गर्ल ऑन द ट्रेन’ २०१५ मध्ये. त्यानंतर पुस्तकांच्या दुकानात नावात ‘गर्ल’ किंवा ‘वाइफ’ असलेल्या थ्रिलर्सची रांगच लागली. नाकं मुरडणारे मुरडतात. पण दिवसभर इतरांचे ई-मेल वाचून दमलेल्या डोक्याला कुणाचं तरी लपवलेलं पत्र वाचायला मिळालं, तर त्यात वाईट काय?

प्रश्न फक्त जागेचा. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये शेजारच्यांचा मिक्सर चालू असताना सस्पेन्स चढत नाही. त्यासाठी हवी तोंडवली.

दोन पाण्यांमधलं गाव

मालवणहून उत्तरेला, आचऱ्याच्या दिशेला तोंडवली आहे. पाट्यांवर आणि कागदांवर कधी ‘तोंडवळी’ही दिसेल, गोंधळू नका. इथल्या भूगोलातच सस्पेन्स आहे. गड नदी समुद्रापाशी येते खरी, पण लगेच त्याला भेटत नाही. किनाऱ्याला समांतर वाहत दक्षिणेकडे जाते आणि मग तळाशीलच्या टोकाला त्याला मिळते. त्यामुळे तोंडवली ते तळाशील हा जमिनीचा एक चिंचोळा पट्टा उरलाय. एका हाताला अरबी समुद्र, दुसऱ्या हाताला खाडी, मध्ये माड, घरं आणि एक रस्ता. चालत चालत इकडचं पाणी सोडून तिकडच्या पाण्यापाशी जाता येतं.

किनाऱ्यावर सुरूचं बन आहे. सुरूतून वारा जातो तेव्हा जो आवाज येतो, तो पहिल्यांदा ऐकणाऱ्याला लाटांचाच वाटतो. मग लक्षात येतं की लाटा समोर आहेत आणि हा आवाज पाठीमागून येतोय! हॉरर फिल्मवाल्यांनी यासाठी पैसे मोजले असते. तारकर्लीसारखी स्कूबावाल्यांची झुंबड इथे नाही. बनात चटई टाकायची, सॅक उशाला घ्यायची आणि पान एक उघडायचं.

शेजारच्या आचऱ्याचं तर काय सांगू! तिथे दर तीन-चार वर्षांनी ‘गावपळण’ होते. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल मिळाला की अख्खं गाव माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रीमांजरी घेऊन तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर मुक्कामाला जातं. घरं रिकामी. लोक बाहेर राहुट्या घालून गाणी, भजनं करत, गप्पा मारत राहतात आणि पुन्हा कौल घेऊन परततात. चिंदर आणि वायंगणीतही ही प्रथा आहे. बाहेरचे लोक याला भुताखेतांची गोष्ट करून टाकतात. गावच्या बायकांना विचारा, त्यांना आठवते ती तीन दिवसांची पिकनिक. एकच घटना, पण सांगणारा बदलला की गोष्ट बदलते. रहस्यकथेचा पहिला नियम तोच.

इथेच जन्मला तो

या गावाचं साहित्यातलं कनेक्शन इथे येणाऱ्या बऱ्याच टुरिस्टांना माहीत नसतं. चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजेच कवी आरती प्रभू, यांचा जन्म तोंडवलीच्या बागलांची राई इथला. तारीख ८ मार्च १९३०. होय, आपण ऑफिसमध्ये गुलाब आणि चॉकलेट वाटून महिला दिन साजरा करतो, तीच तारीख! पुढे कुडाळची खाणावळ, मग मुंबई, आणि १९७६ मध्ये अवघ्या शेहेचाळिसाव्या वर्षी मृत्यू. ‘नक्षत्रांचे देणे’ या कवितासंग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला १९७८ मध्ये. तो घ्यायला ते नव्हते.

कवितांची गाणी झाली, म्हणून कवी सगळ्यांना ठाऊक आहे. कादंबरीकार खानोलकर मात्र तोंडवलीतच वाचावेत. ‘रात्र काळी, घागर निळी’, ‘कोंडुरा’, ‘चानी’... या पुस्तकांतला काळोख शहरातल्या ट्यूबलाइटखाली नीट दिसत नाही. ‘कोंडुरा’वर श्याम बेनेगल यांनी १९७८ मध्ये चित्रपट केला, ‘चानी’वर त्याआधी १९७७ मध्ये व्ही. शांताराम यांनी. त्यात रंजना चानी झाली होती. चानी म्हणजे गोऱ्या साहेबापासून झालेली, पिंगट केसांची मुलगी. तिच्या जन्माचं गुपित तिच्या अंगावरच लिहिलेलं आहे, त्यामुळे अख्खं गाव ते रोज वाचतं आणि तिला रोज शिक्षा करतं. ‘कोंडुरा’त एका साध्या माणसाला दैवी साक्षात्कार झाल्यासारखा होतो, हाती गर्भ पाडण्याची मुळी येते आणि मग एका बाईच्या पोटातल्या जिवाबद्दल तो स्वतःच्या मनाने तर्क करत सुटतो. पुढचं सांगत नाही. वाचा.

सुरूच्या बनात ही पुस्तकं आणि ‘गर्ल’वाली थ्रिलर्स एकापाठोपाठ वाचताना एक गोष्ट जाणवली. खानोलकरांच्या गोष्टींत बाई हेच गुपित आहे. सगळे तिच्याकडे बघतात. तिच्या रूपाबद्दल, चारित्र्याबद्दल, पोटाबद्दल अंदाज बांधतात. ती कुणाला प्रश्न विचारत नाही. नव्या कादंबऱ्यांत टॉर्च तिच्या हातात आलाय. ती घराकडे, नवऱ्याकडे, शेजाऱ्यांकडे प्रकाश मारत फिरते. बॅटरी मध्येच संपते, हात थरथरतो, पण टॉर्च तिचा आहे.

१९३८ ची दोन घरं

हा टॉर्च पहिल्यांदा कुणी दिला? नेमकं एक नाव सांगणं कठीण, पण १९३८ हे वर्ष लक्षात ठेवा. त्या वर्षी इंग्लंडमध्ये डॅफ्नी ड्यू मॉरिएची ‘रिबेका’ आली. नवी नवरी मोठ्या हवेलीत येते आणि तिथे सगळीकडे पहिल्या बायकोचीच सावली! आपल्याकडे १९६४ मध्ये आलेला वहिदा रेहमानचा ‘कोहरा’ हीच गोष्ट. त्याच वर्षी मराठीत राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ आला. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’वर बेतलेला. मेलेल्या बायकोसारखीच दिसणारी बाई समोर येते आणि आपणच ती असल्याचा दावा करते! हिंदीत त्याचा ‘मेरा साया’ झाला, १९६६ मध्ये.

त्याच १९३८ च्या डिसेंबरमध्ये लंडनच्या परिसरात पॅट्रिक हॅमिल्टनचं ‘गॅस लाइट’ हे नाटक रंगमंचावर आलं. त्यातल्या नवऱ्याच्या कारवायांमुळे घरातले गॅसचे दिवे मंद होतात. बायकोच्या ते लक्षात येतं आणि तिला वेड लागल्याचं तो तिच्या मनावर बिंबवत राहतो. ‘गॅसलायटिंग’ हा शब्द आला तो इथून. २०२२ मध्ये मेरियम-वेब्स्टर या डिक्शनरीने त्याला वर्षाचा शब्द ठरवलं. मराठीत यासाठी वेगळ्या शब्दाची गरज पडली नाही, कारण आपल्याकडे तयार वाक्यं आहेत. ‘तुला काय कळतंय त्यातलं?’ ‘उगाच डोक्यात काहीतरी घेऊन बसतेस.’ ‘सगळं व्यवस्थित आहे, तू स्वयंपाकाचं बघ.’

आपल्याकडचं आणखी एक प्रकरण तर कादंबरीच्याही वरचं. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ नावाचा कथासंग्रह आला. लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनात काय चालतं, घरचे त्यांच्या पगाराकडे कसे बघतात, हे इतकं उघड लिहिलेलं की पांढरपेशा मराठी घरांत भूकंप झाला. आणि लेखिकेचा तर पत्ताच नाही! ही विभावरी कोण, बाई की बाईच्या नावाने लिहिणारा पुरुष, असा सगळीकडे शोध. त्या होत्या मालतीबाई बेडेकर, हे नंतर उघड झालं. अगदी अलीकडे इटलीच्या एलेना फेरांतेबाबत तेच झालं. टोपणनावाने लिहिणाऱ्या या लेखिकेची खरी ओळख शोधल्याचा दावा एका पत्रकाराने २०१६ मध्ये केला आणि वाचकच त्याच्यावर भडकले. बाई घराची गुपितं लिहायला लागली की लोकांना पहिल्यांदा तिचं नाव हवं असतं.

‘तिचां नाव काय?’

नावावरून आठवलं. मी जिथे उतरले होते त्या घरच्या काकी रोज दुपारी बांगडे साफ करता करता माझ्या पुस्तकाकडे नजर टाकायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलंच.

‘काय वाचतंस गो इतक्या? कोण मेलो काय त्यात?’

म्हटलं, मेलीय, पहिली बायको. मग त्यांना ‘रिबेका’ सांगायला बसले. (इथून पुढे गोष्ट फुटणार आहे, ज्यांना वाचायची आहे त्यांनी हा भाग सोडून खालच्या मथळ्यावर उडी मारा.) काकी मध्ये मध्ये ‘मगे?’ म्हणत होत्या. एका ठिकाणी त्यांनी थांबवलं.

‘तिचां नाव काय? दुसऱ्या बायलेचां?’

मी सांगितलं, अख्ख्या पुस्तकात तिचं नावच नाही. लेखिकेने दिलंच नाहीय. काकी हसल्या. ‘माझां तरी नाव खंय आसा?’ म्हणाल्या.

मला वाटलं, लग्नात तांदळाच्या ताटात नवऱ्याने नवं नाव लिहिलं, त्याबद्दल बोलतायत. तेही होतंच. पण त्या बोलत होत्या सातबाऱ्याबद्दल.

गोष्ट अशी. काकींचं माहेर जिल्ह्यातच, थोडी कलमं, थोडा कातळ. वडील गेल्यावर भावांनी त्यांना सहीसाठी बोलावलं. वारसांची नोंद करायचीय, एवढंच सांगितलं. कसला कागद, असं त्यांनी विचारलं, तर उत्तर आलं, ‘तुका काय कळता त्यातला?’ काकींनी सही केली, वहिनीच्या हातचं जेवल्या, एसटीने परत आल्या. बरीच वर्षं गेली. पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीने एकदा सहज म्हणून फोनवर आजोळचा सातबारा काढला. त्यात आईचं नाव नव्हतं. तिने फेरफार क्रमांक बघितला, त्याची नक्कल काढली, तिच्यावरून मूळ कागदापर्यंत पोचली. काकींनी सही केली होती ती हक्कसोडपत्रावर.

मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. फेरफाराची नक्कल आणि खणात सापडलेलं जुनं पत्र यांत फरक तो काय? ऑफिस सुटल्यावर फोनवर जमिनीचे कागद चाळणारी ती मुलगी कुठल्याही ‘गर्ल’पेक्षा कमी नाही.

इथे थोडं कायद्याचं, कारण हे तुमच्याही घरात असू शकतं. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला होता, पण ज्यांची लग्नं आधीच झाली होती त्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने हा हक्क देशभरातल्या हिंदू मुलींना मिळाला, लग्न झालेल्यांनाही. त्या तारखेला वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. मात्र आधीच रीतसर झालेल्या वाटण्या यामुळे पुन्हा उघडत नाहीत. आणि नोंदवलेलं हक्कसोडपत्र असेल तर फसवणूक झाली हे सिद्ध करावं लागतं. त्याला मुदत असते, वकील लागतो.

काकींच्या मुलीला वकिलाकडे जायचंय. काकींचं अजून ठरत नाहीय. हक्क मागितला की माहेर तुटतं, असं त्या म्हणतात. माहेरचा गणपती, भाऊबीज, भावाच्या नातवंडांचं बारसं... हे कुठल्या सातबाऱ्यावर लिहिलेलं नसतं आणि कोर्टात मागताही येत नाही. दुसरीकडे किनाऱ्यालगतच्या जमिनीचे भाव कुठे पोचलेत, हे त्यांनाही दिसतंय. तोंडवली-वायंगणी परिसरात ‘सी-वर्ल्ड’ प्रकल्प आणायचं सरकारने ठरवलं आणि गावकऱ्यांनी विरोध केला, तेव्हापासून कुणाच्या जमिनीचं काय होईल, हा इथल्या ओट्यांवरचा विषय आहे.

‘मगे तिना काय केल्यान?’ काकींनी विचारलं. गुपित कळल्यावर त्या बिननावाच्या बायकोने काय केलं?

मी सांगितलं, ती गप्प राहिली. पहिलीला नवऱ्यानेच मारलं हे कळलं, तरी त्याच्याच बाजूने उभी राहिली.

‘म्हणजे घर ऱ्हवला.’

नाही काकी, घर जळून जातं.

काकींनी बांगड्यांवर पाणी ओतलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘ह्यां लिवतलंस तर लिव. नाव घालू नको.’

म्हणून नाव घातलेलं नाही. आणि त्या पुढे काय करतील, याचं पान अजून लिहून झालेलं नाही.

का वाचतो आपण हे?

‘टाइमपास’ हे उत्तर सोपं आहे आणि निम्मं खरंही. पण एक गंमत बघा. हेरकथेत खून अनोळखी माणसाचा होतो, डिटेक्टिव्ह फी घेऊन येतो, गुन्हेगार पकडला की कोट चढवून निघून जातो. या कादंबऱ्यांतल्या बाईला निघून जायला जागा नसते. ती शोधतेय ते तिच्याच घरात आहे आणि सापडल्यावर रात्री झोपायचंही तिथेच आहे. म्हणून सस्पेन्स आणि डोळ्यांतलं पाणी इथे एकत्र येतं. ‘कुणी केलं?’ हा प्रश्न पाचशे रुपयांच्या कुठल्याही थ्रिलरमध्ये सुटतो. ‘कळलं, आता काय करू?’ हा ज्या पुस्तकात नीट विचारलेला असतो, ते लक्षात राहतं.

शेवट बघून पुस्तक निवडा, हा माझा सल्ला. शेवटचं पान आधी वाचू नका हो! पण वाचून झाल्यावर स्वतःला विचारा, टॉर्च शेवटपर्यंत तिच्या हातात होता का? की शेवटच्या वीस पानांत इन्स्पेक्टर, नवा मित्र किंवा सुधारलेल्या नवऱ्याने येऊन तो काढून घेतला?

सॅकमध्ये काय टाकाल?

सुरुवात ‘रिबेका’पासून. सावकाश पेटणारी आहे, धीर धरा. मग ‘द गर्ल ऑन द ट्रेन’. दारूमुळे स्वतःच्याच आठवणीवर विश्वास न उरलेली बाई त्यात सत्य शोधते. समुद्रकिनाऱ्यावरच घडणारी हवी असेल तर फेरांतेची ‘द लॉस्ट डॉटर’. खून नाही, पोलिस नाही, तरी छातीत धडधड होते. मराठीत शांता गोखले यांची ‘रीटा वेलिणकर’ घ्या. नोकरी करणारी बाई, बॉसबरोबरचं लपवलेलं नातं आणि ते कोसळल्यावर स्वतःलाच उलगडत जाणं. ऑफिसवाल्यांनी तर वाचायलाच हवी. कविता महाजन यांची ‘ब्र’ थ्रिलर नाही, पण गावोगावच्या महिला सरपंचांना गप्प कसं बसवलं जातं हे त्यातली नायिका एकेक पदर सोडवत बघते. आणि खानोलकर. ते इथे संध्याकाळी वाचा, दिवे लागायच्या वेळी.

पुस्तकं संपली तर आचऱ्यात रामेश्वर वाचन मंदिर आहे, मालवणात नगर वाचन मंदिर. कोकणातल्या जुन्या वाचनालयांत शिरलात की कपाटांच्या तळाकडच्या रांगा नक्की चाळा. विसरल्या गेलेल्या लेखिकांच्या कादंबऱ्या तिथेच मिळतात.

कसं जाल?

रेल्वेने कणकवली किंवा कुडाळ, तिथून एसटीने किंवा रिक्षा-टॅक्सीने मालवण अथवा आचरा मार्गे तोंडवली. दादरहून सुटणारी ‘तुतारी’ घेतलीत तर सुरुवातच साहित्यिक होईल, केशवसुतांच्या कवितेचं नाव आहे ते. सिंधुदुर्गात चिपीला २०२१ पासून विमानतळ आहे, मात्र विमानं चालू आहेत का, हे आधी बघून घ्या. गणपतीत आणि मे महिन्यात तिकिटं मिळत नाहीत, ऑक्टोबर ते फेब्रुवारी बेस्ट. पावसाळ्यात इथला समुद्र खवळलेला असतो, पाण्यात उतरायचं नाही. घरगुती राहण्याची सोय विचारून आधीच ठरवा. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी सांगून ठेवा. शाकाहारी असाल तर घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं.

फोनला रेंज मिळाली, तर रील्स बघण्याआधी एक काम करा. आपल्या आजोळचा सातबारा काढून बघा. त्यात आईचं नाव आहे का?